हिरडीचं रक्त आणि मेडिकलमधली बाटली

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात हिरडीतून रक्त येऊ लागलं की माणूस आधी मेडिकलमध्ये जातो. दातांच्या डॉक्टरकडे तो जातो दुखायला लागल्यावर, आणि तोवर बहुतेकदा दात काढण्याचीच वेळ आलेली असते. मेडिकलमध्ये त्याला एक बाटली मिळते. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश, टोपणात ओतायचा आणि चूळ भरायची. या बाटलीनं हिरडी खरंच बरी होते का? वाशीम जिल्ह्याच्या या भागात अनेक घरांत दातांचा सगळा इलाज त्या बाटलीपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याला दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. ती मी दोन माणसांच्या तोंडी घालतो आहे. एक मेडिकलवाले काका, आणि दुसरी त्यांची पुतणी, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकून आलेली. माणसं कल्पित आहेत, पण त्यांचा वाद काउंटरच्या दोन्ही बाजूंना रोज चालू असतो.

काका : तू आल्यापासून पाहून राह्यलो. कोनी माउथवॉश मागितला का तुह्या कपाळाले आठ्या पडतात. काहून वं? हे औषध तुमचेच डॉक्टर लिहून देतात ना?

पुतणी : देतात काका, मीही देते. पण आम्ही चिठ्ठीवर किती दिवस ते लिहितो. चिठ्ठीशिवाय आलेल्या माणसाला ते कोण सांगतं?

काका : लोकाईले फरक पडते, म्हनून तर ते परत येतात. हिरडीचं रक्त थांबलं म्हनतात, अजून एक बाटली द्या म्हनतात.

पुतणी : रक्त खरंच थांबलं असतं तर दुसरी बाटली कशाला लागली असती? चूळ भरतात तोवर थोडं बरं वाटतं, सोडली की पुन्हा सुरू. मूळ तिथंच आहे.

काका : मूळ म्हनजे जंतू. अन् या बाटल्याइवर लिह्यलेलं राह्यते, ९९.९ टक्के जंतू मरतात म्हनून. आता हे काय खोटं लिह्यतात?

पुतणी : खोटं नाही, पण ते काचेच्या नळीत मोकळ्या तरंगणाऱ्या जंतूंचं आहे. दातावर जंतू मोकळे नसतात. एकमेकांना चिकटून, स्वतःच्याच चिकट लगद्यात ते थरावर थर लावतात. तोच प्लाक. पाण्याच्या टाक्याला शेवाळ धरतं ना, त्यावर नुसतं औषध ओतलं तर वरचं मरतं आणि आतलं राहतं. घासल्याशिवाय टाकं साफ होत नाही. हे काही आज कळलेलं नाही. हॉलंडच्या डेल्फ्ट गावात लेवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून दातांवरचा मळ पाहिला आणि त्यात हलणारे जीव दिसतात असं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढं त्यानं व्हिनेगर लावून पाहिलं. मळाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतल्यापर्यंत व्हिनेगर पोचलंच नाही. माउथवॉशची अडचण त्यानं तेव्हाच पाहून ठेवली होती.

काका : ते व्हिनेगर होतं बाई. हे औषध हाय.

पुतणी : हे मात्र तुमचं बरोबर आहे. क्लोरहेक्झिडिन साधं औषध नाही. ते दाताला आणि तोंडाच्या आतल्या कातडीला चिकटून बसतं, तासन्‌तास हळूहळू सुटत राहतं. म्हणून दिवसातून दोनदा चूळ भरली तरी चालतं. १९७० साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यानं प्रयोग केला. माणसांनी ब्रश करणं पूर्ण बंद केलं आणि ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनच्या १० मिलीनं दिवसातून दोनदा एक-एक मिनिट चूळ भरली. दातांवर प्लाक जमला नाही, हिरड्या सुजल्या नाहीत.

काका : ब्रश न करता? मंग तर माह्यंच खरं झालं! आता बोल.

पुतणी : बोलते. त्या माणसांचे दात प्रयोगाच्या आधी घासूनपुसून स्वच्छ केलेले होते, हिरड्या निरोगी होत्या. स्वच्छ दातावर नवा थर बसू द्यायचा नाही, हे काम क्लोरहेक्झिडिन उत्तम करतं. तुमच्या दुकानात येणाऱ्याच्या दातांवर वर्षानुवर्षांचं किटण असतं, दगडासारखं. त्यावर औषध काय करणार?

मला या वादात निर्णायक वाटते ती हीच गोष्ट. प्रयोग खरा आहे आणि औषधही खरं आहे, पण प्रयोगातलं तोंड आणि काउंटरपलीकडचं तोंड एक नाही. याच ल्यो यांनी त्याआधी १९६५ साली डेन्मार्कमधल्याच ऑर्‌हूस इथं केलेला प्रयोग तर प्रत्येक शाळेत सांगावा असा आहे. १२ निरोगी माणसांनी, त्यांतले बहुतेक दंतशास्त्राचे विद्यार्थी, दात घासणं सोडून दिलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. त्यासाठी कुठलंही औषध लागलं नाही. हिरडीतून रक्त येणं म्हणजे ‘उष्णता’ किंवा ‘रक्त पातळ होणं’ असं आपल्याकडे घरोघरी मानलं जातं. त्या १२ जणांच्या हिरड्या फक्त मळ साचल्यानं सुजल्या होत्या.

काका : पन रक्त येते तिथं घासाले लोक भेतात. मीच सांगतो, चार दिवस ब्रश नको लावू तिथं, चूळ भर.

पुतणी : आणि तिथंच सगळं उलटं होतं, काका. रक्त येतं ती जागा सांगते की इथं मळ राहिला आहे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर थोडा तिरपा धरून हलक्या हातानं तिथंच जास्त फिरवायचा. पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होईल. आपल्याकडे लोक समोरचे दात जोरजोरात आडवे घासतात, दाढांच्या आतल्या बाजूला ब्रश पोचतच नाही. किटण नेमकं कुठं साठतं? खालच्या पुढच्या दातांच्या मागं, जिभेकडून. आरशात दिसत नाही अशा जागी.

काका : बरं, समज एखादा घासते बी अन् चूळ बी भरते. मंग तर फायदा होईन का नाई?

पुतणी : हे नीट तपासलेलं आहे. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं ५१ अभ्यास एकत्र करून पाहिले, ५,३४५ माणसांचे. नेहमीच्या घासण्याला क्लोरहेक्झिडिनची जोड दिली तर चार ते सहा आठवड्यांत प्लाक भरपूर कमी होतो, यात शंका राहिली नाही. हिरडीची सूज मात्र ० ते ३ या मापावर ०.२१ नं कमी झाली. ज्यांची सूज मुळात थोडीच होती त्यांच्यातला हा आकडा आहे, आणि रोग्याला जाणवेल असा फरक तो नाही, असं त्याच लोकांनी लिहिलं. ज्यांची सूज मध्यम किंवा जास्त आहे त्यांच्याबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावाच मिळाला नाही. म्हणजे तुमच्याकडे जी माणसं येतात, नेमकी तीच.

काका : अजब हाय. प्लाक इतका कमी अन् सूज तेवढीच?

पुतणी : चूळ हिरडीच्या वर फिरते. आजार वाढला की हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोलगट फट तयार होते, आणि जंतू त्या फटीत जातात. चुळेचं पाणी तिथं जेमतेम कडेपर्यंत पोचतं. आतलं किटण हत्यारानंच काढावं लागतं.

काका : अन् ते काढलं का दात हालतात. सारे मानोरेवाले हेच म्हनतात.

पुतणी : किटणानं दात धरून ठेवलेला नसतो. हाड आधीच झिजलेलं असतं, किटण निघालं की ती जागा मोकळी दिसते. सूज उतरली की फट आणखी जाणवते. लोकांना वाटतं डॉक्टरनं दात ढिला केला. या एका गैरसमजानं वऱ्हाडात किती दात गेले असतील!

काका : तुह्यं सारं मान्य केलं, तरी एक सांगतो. एक गिऱ्हाईक भांडाले आला होता. दात काळे पडले म्हने तुमच्या औषधानं. मी त्याले सांगितलं का तंबाखूचा खर्रा सोड.

पुतणी : खर्रा सोडायला सांगितलं ते बरंच केलंत, पण दोष औषधाचाही होता. चार आठवडे किंवा जास्त वापरलं की क्लोरहेक्झिडिननं दातांवर तपकिरी डाग पडतात. चहा जास्त पिणाऱ्याला अजून गडद. जिभेची चव बिघडते, किटणही वाढतं. डाग दवाखान्यात निघतात, पण त्या माणसानं बाटली घेतली होती दवाखान्यात जावं लागू नये म्हणून. आणि त्यानं पेस्टनं दात घासल्याबरोबर चूळ भरली असेल ना?

काका : सारेच तसंच करतात.

पुतणी : पेस्टला फेस आणणारा पदार्थ क्लोरहेक्झिडिनला निकामी करतो. मध्ये निदान अर्धा तास जायला पाहिजे. बऱ्याच लोकांचं औषध तोंडात गेल्या गेल्या वाया जातं.

काका थोडा वेळ बोलले नसतील, असं मला वाटतं. पण त्यांची खरी बाजू इथून सुरू होते आणि ती हलकी नाही.

काका : आता माह्यं ऐक. तू नागपुरात शिकली, म्हनून तुले दवाखाना जवळ वाटते. इथं सोयाबीन काढाच्या दिवसाईत, नाही तं कापूस येचाच्या दिवसाईत, एका मजुराची एक रोजी बुडाली म्हनजे काय, ते तुले मी सांगाव नाई लागत. दाताच्या डॉक्टरकडं एका खेपेत काम होत नाई. दिग्रसले जा, कारंज्याले जा, वाशीमले जा. यष्टीचं भाडं येगळं. तो माणूस माह्याकडं येते तवा त्याच्याजवळ एवढेच पैसे राह्यतात. त्याले मी खाली हातानं पाठवू?

पुतणी : नाही. पण त्याच पैशांचा हिशेब करू. बाटली १५० मिलीची. एका वेळी १० मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे ती आठवड्याभरात संपते. महिना काढायला चार बाटल्या लागतात. चार बाटल्यांच्या पैशांत घरातल्या सगळ्यांना मऊ ब्रश येतात, आणि ब्रश तीन महिने टिकतो. दवाखाना नंतर पाहू. पहिला खर्च तरी योग्य ठिकाणी होऊ द्या.

काका : अन् ज्याले काहीच जमत नाई, त्याचे सारे दात पडतात का? आमच्या आजीनं कधी ब्रश पाह्यला नाई.

पुतणी : सगळ्यांचे नाही पडत, हे मी मान्य करते. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० मजुरांना ल्यो यांनीच १९७० पासून १५ वर्षं तपासलं. ना ब्रश, ना दंतवैद्य, अशी माणसं. त्यांतल्या ११ टक्के लोकांची हिरडी सुजण्यापलीकडे आजार गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढत गेला. ८ टक्क्यांचा झपाट्यानं वाढला, भर वयात दात गेले. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस यांतला कोणता, हे तुम्हाला बाटली देताना कळत नाही. मलाही बघितल्याशिवाय कळणार नाही.

काका : मंग जुने इलाज काय वाईट होते? बाभळीचं दातून, मिठाच्या गुळण्या, त्रिफळाचा काढा.

पुतणी : वाईट नव्हतेच. दातून चावून कुंचा केला की त्यात घासणं आलं, तेच मोलाचं. राखुंडी मात्र नको, ती दात झिजवते. कोमट मिठाच्या पाण्यानं दुखऱ्या हिरडीला आराम पडतो. त्रिफळाच्या गुळण्यांवर आपल्या दंत महाविद्यालयांतून बरेच छोटे अभ्यास झाले, काहींत ती क्लोरहेक्झिडिनच्या जवळपास उतरली. अभ्यास छोटे आणि थोड्या दिवसांचे आहेत, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही. आणि तो झोंबणारा, वासाचा माउथवॉश तुम्ही विकता ना, लिस्टरीन? १८७९ साली अमेरिकेत तो शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून निघाला. त्यात काय आहे? निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, पुदिन्यातलं मेंथॉल, दुखण्याच्या मलमाला वास येतो ते मिथाइल सॅलिसिलेट, आणि थायमॉल. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा वास.

काका : म्हनजे आमचाच ओवा आमाले इकून राह्यले.

पुतणी : त्याचे सहा-सहा महिन्यांचे अभ्यास झालेत. घासण्याला जोड म्हणून तो प्लाक आणि सूज दोन्ही कमी करतो, डागही फारसे पाडत नाही. पण जोड म्हणूनच. दातांच्या मध्ये दोरा फिरवण्याइतकाच हा परिणामकारक आहे अशी जाहिरात कंपनीनं केली, तेव्हा २००५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयानं ती दिशाभूल करणारी ठरवली.

यानंतरचा विषय काकांनी टाळला असता, पण मला तो टाळता येत नाही. मानोऱ्याच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा बनतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. घोटलेला खर्रा अजून हातोहात खपतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांना बिनधुराच्या तंबाखूची सवय आढळली. चारांतला एक. माउथवॉशचा एक मोठा ग्राहक हाच आहे, आणि तो बाटली घेतो वास लपवायला.

पुतणी : खर्रा ज्या गालात ठेवतात तिथली हिरडी दातावरून खाली सरकते, मूळ उघडं पडतं. चूळ भरून ती वर येत नाही. सुपारीनं तोंडाची आतली कातडी आवळत जाते, तिखट लागायला लागतं, तोंड उघडेनासं होतं. अशा तोंडात अल्कोहोलचा माउथवॉश म्हणजे आग. काका, तुमच्याकडं खर्रा खाणारा पोरगा माउथवॉश मागायला आला तर त्याला एवढंच सांगा, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव. जात नसतील तर बाटली देऊ नका, डॉक्टरकडं पाठवा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तरी तेच. बाटलीनं जळजळ थोडी दबते आणि कॅन्सर ओळखायचे महिने निघून जातात.

काका : अन् बिडीवाले? त्याईच्या हिरडीतून तं रक्त बी येत नाई.

पुतणी : बिडी-सिगारेटनं रक्त कमी येतं, म्हणून आजार दिसत नाही, आत हाड झिजत असतं. आणि तुमच्याकडून शुगरच्या गोळ्या नेणारे जे लोक आहेत, त्यांना हिरडीबद्दल आवर्जून विचारा. शुगर वाढली की हिरडी बिघडते, आणि हिरडी बिघडली की शुगर आवरत नाही. हिरडीचा आजार झालेल्या शुगरच्या रोग्यांचं किटण आतपर्यंत साफ केलं तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे शुगरचं तीन महिन्यांचं माप, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होतं, असं दिसलं आहे. हे काम बाटलीचं नाही.

काका : मंग मी इकनं बंद करू काय? मी नाई देल्ली तं समोरचा देते.

पुतणी : बंद नका करू. दाढ काढली, हिरडीचं ऑपरेशन झालं, तिथं ब्रश लागत नाही, अशा वेळी क्लोरहेक्झिडिनसारखं दुसरं नाही. जबडा मोडून तारांनी बांधलाय, लकव्यानं हात चालत नाही, घरातल्या म्हातारीचं तोंड दुसऱ्यानं साफ करावं लागतं, अशांना ते द्याच. किटण काढल्यावर आठ-पंधरा दिवस द्यायचं म्हणून आम्ही लिहितो. गरोदर बाईच्या हिरड्या सहज सुजतात, तिला मात्र आधी सांगायचं की घासणं सोडू नको. आणि सहा वर्षांखालच्या लेकराला कुठलाच माउथवॉश नको, ते गिळतं.

काका : हे सारं मी प्रत्येकाले सांगत बसलो तं दुकान कवा चालवू?

काकांचा हा शेवटचा प्रश्न पुतणीनं खोडून काढला असं मी लिहिणार नाही, कारण तो रास्त आहे. दातांच्या सल्ल्याचं काम गावानं दुकानदारावर टाकलं आहे आणि त्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. तरी माझा कौल पुतणीच्या बाजूनं आहे. हिरडीच्या सुजेवर माउथवॉश हा घासण्याला आणि किटण काढण्याला थोड्या दिवसांची जोड आहे. त्यांच्या जागी तो वापरला तर पैसा जातो, दात डागाळतात आणि वेळ हातचा निसटतो.

म्हणून मानोऱ्यातल्या आणि अशाच प्रत्येक गावातल्या मेडिकलवाल्यांना माझी विनंती आहे. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा तुम्ही करताच. तसंच माउथवॉशच्या खोक्यावर पेननं दोन गोष्टी लिहा: ‘पेस्टनंतर अर्ध्या तासानं’ आणि ‘१५ दिवसांनी बंद’. आणि वाचकहो, ते १५ दिवस रोज दोनदा नीट घासूनही रक्त येतच राहिलं, तर आणखी बाटली घेऊ नका. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते विचारा आणि त्या दिवशी किटण काढून घ्या.